हृदयाच्या ऑपरेशननंतर अंगात जीव कधी येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला फिजिओथेरपी करते. बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन होऊन संभाजीनगर, सोलापूर, पुणे, हैदराबादहून परत आलेली माणसं टाके निघाले की माझ्याकडे येतात. दवाखान्यातून निघताना सगळं समजावून सांगितलेलं असतं, पण तेव्हा घरी जायच्या घाईत कुणाचं लक्ष असतं? खरे प्रश्न घरी आल्यावर सुचतात, गाडीतून उतरून ओट्यावर टेकल्यावर. २०१७ साली माझ्या वडिलांची, अण्णांची, बायपास झाली. याच विषयातली पोरगी घरात असूनही आमच्याकडून चुका झाल्या. त्यांतल्या एकदोन खाली येतीलच.

तुमच्या सर्जननं यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमची छाती उघडून पाहिलीय, मी नाही.

महिना झाला तरी अंगात जीवच नाही. ऑपरेशन फेल गेलं का?

नाही. हा प्रश्न मला दहातले नऊ जण विचारतात, आणि निम्मे तर दारातच विचारतात.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात. बहुतेक वेळा हृदय थांबवून तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरवतात. पायातली शीर काढून ती हृदयावर जोडतात. या सगळ्यात रक्त जातं आणि हिमोग्लोबिन उतरतं. त्यात आठ-दहा दिवस अंथरुणात गेले की मांड्या-पोटऱ्यांतली ताकद झपाट्यानं जाते. भूक नसते, झोप नसते. वर मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते, ती नाडी मुद्दाम संथ ठेवते. त्यानंही सुरुवातीला गळून गेल्यासारखं वाटतं. म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नका, एकदम सोडली तर धोका होतो.

घरातल्या घरात सगळं आपलं आपण करायला साधारण दीड महिना लागतो. ‘आता बरं वाटतंय’ हे वाक्य तोंडून निघायला तीन महिने. वय जास्त असेल, शुगर असेल किंवा हृदयाचं पंपिंग आधीपासून कमी असेल तर सहा महिनेही लागतात.

आमच्या विहिरीवर फेब्रुवारीनंतर मोटार सलग चालत नाही. तासभर चालली की तळ दिसतो. मग बंद करायची, झऱ्यांना वेळ द्यायचा, पाणी चढलं की पुन्हा चालू. अण्णांना मी हेच म्हटलं, तेव्हा त्यांना ते पटलं. त्याआधी आठवडाभर मी शास्त्रीय भाषेत डोकं फोडत होते. माणसं करतात काय, एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं की त्याच दिवशी बँक, कटिंग, मावशीचं घर सगळं उरकतात आणि पुढचे दोन दिवस आडवे होतात. उलट काही घरांत मोटार सुरूच करू देत नाहीत. दोन्ही घरांतला पेशंट तिसऱ्या महिन्यात सारखाच अशक्त दिसतो.

थकवा हळूहळू का होईना, पण कमी व्हायला हवा. तो दर आठवड्याला वाढतच असेल तर मात्र हिमोग्लोबिन, शुगर आणि नाडी तपासून घ्या.

अशक्तपणा आहे, गावातच एखादं सलाईन लावून घेऊ का?

नका लावू. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की सलाईन, हे इतकं अंगवळणी पडलंय की पेशंट मला विचारतही नाहीत. लावून आल्यावर सांगतात.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. हृदयाच्या पेशंटनं दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत मीठ खावं असं आपण सांगतो. तेवढं जवळपास सगळं तासा-दोन तासात थेट रक्तात जातं, सोबत अर्धा लिटर पाणी. पंपिंग कमी असलेल्या हृदयाला ते झेपलं नाही तर पाणी फुप्फुसात साठतं आणि रात्री धाप लागते. ग्लुकोजच्या बाटलीनं शुगर चढते. मग ‘लावल्यावर बरं वाटलं’ ते कशानं? दोन तास पंख्याखाली निवांत पडायला मिळालं, त्यानं.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन खरोखर लागू शकतं. तेव्हा डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, आणि बाह्या वर करायच्या आधी ऑपरेशनचं सांगा.

अंगदुखीच्या इंजेक्शनचंही तेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं बायपासनंतर टाळायची असतात. छाती दुखते त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी वेळेवर घ्या. दुखणं सहन करण्यात शहाणपण नाही. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही आणि कफ छातीत बसतो. खोकताना उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरा. आणि खोल श्वासाच्या सरावाचं ते तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र नातवाच्या खेळण्यांत गेलं असेल तर परत मिळवा, अजून काही आठवडे लागेल.

चालायचं किती? आणि दम लागायलाय तो साधा की धोक्याचा?

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. अंगणात, गल्लीत, सपाट जागेवर. दर दोन-तीन दिवसांनी एकेक, दोन-दोन मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्याच्या आसपास सलग अर्धा तास चालता आलं की गाडी रुळावर आहे. जेवण झाल्या झाल्या नको, तासभर जाऊ द्या.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अभंग म्हणता येईल इतकं हळू असेल तर थोडा वेग वाढवा. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. थांबल्यावर पाचेक मिनिटांत दम बसला तर तो मेहनतीचा दम. बसल्या जागी, आडवं झाल्यावर किंवा मध्यरात्री उठवणारा दम वेगळा, त्याला त्याच दिवशी डॉक्टर दाखवा.

मोठ्या शहरांत यासाठी रीतसर कार्डिॲक रिहॅबचे, म्हणजे हृदयाच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम शिकवणारे वर्ग असतात. त्यानं पुन्हा दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. गावात तो वर्ग नाही म्हणून अडू नका. एक वही करा: तारीख, सकाळचं वजन, किती मिनिटं चाललो. अण्णांची वही नातीच्या जुन्या गृहपाठाच्या वहीची उरलेली पानं होती. पहिल्या पानावर ‘४ मि. लिंबापर्यंत’ लिहिलंय.

किती वजन उचलायचं? हंडा, घागर, पोतं?

कापलेलं हाड स्टीलच्या तारांनी शिवलेलं असतं. तारा कायमच्या आतच राहतात, त्या काढायच्या नसतात. हाड बऱ्यापैकी जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिने. पहिले दोन महिने दोन-तीन किलोच्या वर काही उचलू नका. दोन-तीन किलो म्हणजे काय? भाजीची अर्धी पिशवी. पाण्यानं भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. टँकर आला म्हणून बाई धावते, तिला वाटतं एकच तर हंडा. तेव्हा टँकरच्या वेळी घरात दुसरं माणूस हवं, ही सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा.

उचलण्याइतकंच ओढणं आणि ढकलणं वाईट. शटर, विहिरीचा दोर, म्हशीचं दावं, गच्च बसलेला दरवाजा, हापसा. हात हलवायला हरकत नाही, केस विंचरा, कपडे घाला. फक्त जोर लावताना कोपरं बरगड्यांना चिकटलेली ठेवा.

आता आमची चूक. पाचव्या आठवड्यात अण्णांना बरं वाटत होतं. तुरीवर अळी आली होती, गडी आला नव्हता. त्यांनी सोळा लिटरचा फवारणी पंप भरून पाठीला अडकवला. पट्टा खांद्यावर घेताना छातीत ‘टक्’ झालं. संध्याकाळपर्यंत कुणाला बोलले नाहीत. रात्री कुशीवर वळताना पुन्हा टक्. आईनं मला फोन केला. सर्जननं तपासलं, हाड पूर्ण सुटलेलं नव्हतं, पण छातीचा पट्टा आणि आणखी दीड महिना उचलणं-ओढणं सगळं बंद. अळीनं जेवढं खाल्लं असतं त्याच्या कितीतरी पट खर्च गाडीभाड्यात गेला. मी त्यांना ‘वजन उचलू नका’ एवढंच सांगितलं होतं. पंप पाठीवर घ्यायचा असतो, उचलायचा नसतो, हा त्यांचा युक्तिवाद होता.

छातीत असा टक् आवाज आला, हाड सरकल्यासारखं वाटलं तर दुखो वा न दुखो, सर्जनला कळवा.

आईला स्वयंपाक कधी करू द्यायचा?

तिला विचारून बघा, ती म्हणेल उद्यापासून. भाजी निवडणं, वरणाला फोडणी, चहा हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बसून चालतं. भाकरीचं तसं नाही. ज्वारीचं पीठ मळताना मनगटापासून छातीपर्यंत जोर जातो, थापतानाही जातो. दोन महिने दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात, त्या वेड्यावाकड्या झाल्या तरी. धुणं आपटणं, फरशी पुसणं, पाट्यावर वाटणं तीन महिन्यांनी.

बायकांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. छातीच्या वजनानं टाक्यांवर ताण येतो आणि जखम खालच्या टोकाला उकलते. पुढून बटणं असलेली, तार नसलेली मऊ सुती ब्रा दिवसरात्र घातली तर दुखणं कमी होतं. लाजून राहू नका, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला विचारा.

माझा अनुभव असा की पुरुष पेशंटला घर जपतं आणि बाई पेशंट घराला जपते. म्हणूनच बायकांना बरं व्हायला जास्त दिवस लागताना मी पाहते.

खाली मांडी घालून बसू का? संडासचं काय करायचं?

पायातली शीर काढली असेल तर मांडी घालून तासभर बसल्यानं पाय सुजतो. आणि जमिनीवरून उठताना आपण दोन्ही हातांवर भार देतो, तो थेट छातीच्या हाडावर जातो. दीड-दोन महिने खुर्ची वापरा, जेवायलाही. पंगतीत एकट्याला खुर्ची म्हणून अवघडू नका.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मधे भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते, ती वर ठेवा. कुंथायचं नाही. ऑपरेशननंतर गोळ्यांनी बद्धकोष्ठता होतेच. डॉक्टर त्यासाठी औषध देतात, ते मागून घ्या. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपराच्या आधारानं उठा. उताणं असताना एकदम उठून बसायचं नाही, आणि कुणी दोन्ही हात धरून ओढायचंही नाही. प्रेमानं हात ओढणारे जावई सगळ्यांत धोक्याचे.

पायाला सूज, डाव्या छातीला बधिरपणा, तोंडाला चव नाही. हे सगळं चालतं का?

बहुतेक चालतं. ज्या पायाची शीर काढली त्याला संध्याकाळी सूज येते. बसताना तो स्टुलावर ठेवा, दिलेला मोजा घाला. दोन्ही पाय सुजले आणि वजनही वाढलं तर वेगळी गोष्ट. छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर त्या बाजूला महिनोन्‌महिने बधिर, मुंग्या आल्यासारखं वाटतं. तोंडाची चव दोन-तीन आठवड्यांत परत येते. नळी घातल्यानं आवाज बसलेला असतो, तोही सुटतो.

जखमेला फक्त साधा साबण आणि पाणी, आणि कोरडी करायची. हळद, तेल, राख, शेजारणीचं मलम काही नाही. हळद जेवणात घाला.

झोप येईना गेलीय.

पहिला महिना हेच असतं. उताणं झोपायची सवय नाही, दवाखान्यात रात्र-दिवस दिवे चालू होते, स्वप्नं विचित्र पडतात. पाठीमागे दोन-तीन उशा लावून तिरपं झोपा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी घेतली तर फरक पडतो. लघवीची गोळी संध्याकाळी उशिरा घेऊ नका, नाहीतर रात्र मोरीतच जाते.

ताकदीसाठी काय खाऊ घालायचं? डिंकाचे लाडू, तूप, पाया?

आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला बाळंतिणीसारखं खाऊ घालतात. भावना कळते, पण याच तुपानं नवी जोडलेली नळीही बुजू शकते. जखम भरायला आणि स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. ती मूग, मटकी, तूर, हरभरा, दही, अंड्यातला पांढरा भाग, मासे, सालीशिवायची कोंबडी यांतून मिळतात. ज्वारीची भाकरी उत्तमच. पहिले पंधरा दिवस भूक नसते तेव्हा थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. ताट वाढून समोर बसू नका.

मिठात मात्र आपण मराठवाड्याची माणसं मार खातो. भाजीत मीठ कमी केलं म्हणून सांगतात आणि ताटाच्या डाव्या बाजूला बघावं तर ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, शेंगदाण्याची चटणी. येसरची आमटी वर. अण्णांच्या ताटात आम्ही भाजीचं मीठ तसंच ठेवलं आणि डावी बाजू रिकामी केली. त्यांना ते जास्त सोसलं. धपाटे चालतील, पिठात मीठ निम्मं करा आणि सोबत लोणच्याऐवजी दही घ्या. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा चिवडा, आवडत असेल तर मुरमुरे आधीच खारे असतात हे लक्षात ठेवून वरून मीठ घालू नका. हुरडा खुशाल खा, गुळाची ढेप शेजारी नको, शुगर असेल तर मुळीच नको.

तेल करडईचं की शेंगदाण्याचं, यावर घरोघरी वाद. माझ्या मते कुठलं यापेक्षा किती हे महत्त्वाचं. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा आणि तळलेलं तेल पुन्हा वापरू नका.

उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं की कमी?

हा आपल्या भागाचा अवघड प्रश्न आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. एकीकडे डॉक्टरांनी काहींना दिवसाला दीड-दोन लिटरची मर्यादा घातलेली असते, वर लघवीची गोळी, आणि दुसरीकडे घामानं अंग निथळतंय. नाडी संथ ठेवणाऱ्या गोळीमुळे शरीराला उष्णता बाहेर टाकणंही जड जातं.

मर्यादा सगळ्यांना नसते, ती पंपिंग कमी असलेल्यांना असते. तुम्हाला आहे का हे फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून घ्या आणि ‘कडक उन्हात किती वाढवू, लघवीची गोळी तशीच ठेवू का’ हेही विचारा. मोजायला सोपी पद्धत: दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळी बाटल्यांत भरून ठेवायचं. चहा, ताक, वरण हे त्यातच मोजायचं. उभं राहताना चक्कर, तोंड कोरडं, लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. ताक बिनमिठाचं. लिंबू-मीठ-साखर रोज नको. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं; किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर आधी विचारा. चालणं सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार घरात.

रोज वजन करायला सांगितलंय. लठ्ठ तर नाहीत ते, मग कशाला?

चरबी मोजायला नाही, पाणी मोजायला. सकाळी उठून, संडासला जाऊन, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते जेवणानं नसतं, अंगात पाणी साठतंय. पाय सुजायच्या आधी काटा सांगतो. दवाखान्यातून निघतानाच एक वजनकाटा घ्या; किराणा दुकानात जाऊन वजन करू असं म्हणणारं कुणी आठवडाभरापेक्षा जास्त गेलेलं मी पाहिलं नाही.

तंबाखू एकदम सोडली तर त्रास होईल म्हणतात?

चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, हे दोन-तीन आठवडे होतं. त्यानं कुणी मरत नाही. दवाखान्यात दहा-पंधरा दिवस तंबाखू बंदच होती, म्हणजे अवघड भाग पार झालेला असतो. घरी आल्यावर पहिला भेटायला आलेला मित्र चुन्याची डबी काढतो, तिथं सगळं वाया जातं. विडी, गुटखा, मळलेली तंबाखू सगळं एकच, आणि बायकांची मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. दात घासायला लावते, खात नाही, असं आजी सांगतात. निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं.

भेटायला येणाऱ्यांचं काय करावं?

हसू नका, हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे. गावात ऑपरेशन होऊन माणूस आला की पहिल्या आठवड्यात पन्नास-साठ जण येतात. न आलेल्याचं नाव लक्षात राहतं, म्हणून सगळे येतात. पेशंट प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगतो, शर्टाची बटणं काढून टाके दाखवतो, आणि रात्री ‘आज फार थकवा आलाय’ म्हणतो. बोलण्यातही ताकद जाते. शिवाय कुणाला सर्दी, कुणाला खोकला.

आम्ही संध्याकाळी पाच ते सहा एवढीच वेळ ठेवली आणि अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवलं. आत बोलावलं की चहा, चहा झाला की तासभर. बाकी वेळी आई दारातच सांगायची, डॉक्टरनं झोपायला सांगितलंय. डॉक्टरच्या नावावर वाईटपणा घालायचा, त्यासाठीच तर आम्ही असतो.

बाबा रडतात. कधी न रडलेला माणूस टीव्ही बघतानाही रडतो.

हृदयाच्या ऑपरेशननंतर हे खूप जणांना होतं. मूड खाली जातो, विसरायला होतं, पेपरची एक बातमी दोनदा वाचावी लागते. कर्त्या माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्यानं द्यायचा, कर्ज तसंच उभं, पेरणीचे दिवस चाललेले. रडू येणारच. ‘पुरुषासारखा पुरुष’ वगैरे बोलू नका. सोबत बसा, चालायला सोबत जा, हिशेबाची वही त्यांच्याच हातात ठेवा.

चार-सहा आठवड्यांत हे निवळतं. दोन आठवडे सलग कशातच मन नाही, जेवण नाही, ‘कशाला वाचवलं’ अशी भाषा असेल तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. उपचार न केलेल्या नैराश्यानं हृदयाचं दुखणंही लांबतं, गोळ्या चुकतात, चालणं बंद पडतं.

नवरा-बायकोचे संबंध?

हा प्रश्न माझ्याकडे चिठ्ठीवर येतो किंवा येतच नाही. दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हरकत नसते. छातीवर, हातांवर भार येणार नाही असं बघा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिलसारखी, म्हणजे संबंधांच्या ताकदीसाठीची गोळी कधीही घ्यायची नाही. दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जातं. दुकानातून गुपचूप आणतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

झडप बदललीय. हिरव्या भाज्या बंद करायला सांगितल्यात, खरं का?

अर्धवट खरं. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम, जन्मभर घ्यावी लागते. मेथी, पालक, शेपू, करडईची भाजी यांत व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची गरज नाही, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. हिवाळ्यात रोज करडई आणि उन्हाळ्यात पानच नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, वरखाली होतो. ती तपासणी चुकवू नका. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. कुठली झडप बदलली त्यावर तुमचा आकडा ठरतो. दात काढायच्या आधी दंतवैद्याला झडपेचं सांगा, आधी प्रतिजैविक द्यावं लागतं.

आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापानं झडप खराब झालेल्या तरुण मुली बऱ्याच आहेत. लग्न होऊन मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच हृदयाच्या डॉक्टरांशी बोला. वॉरफरिननं गर्भाला इजा होऊ शकते, पण गोळी आपल्या मनानं बंद केली तर झडपेवर गाठ धरते. रात्री शांततेत छातीतून येणारी टिकटिक झडपेचीच असते, तिची सवय होते.

गाडी, एसटी, ट्रॅक्टर, शेत?

कार सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी छाती तपासल्यावर. मोटरसायकल अडीच-तीन महिन्यांनी. किक आणि खड्डे दोन्ही हाडाला वाईट. ट्रॅक्टर तीन महिन्यांच्या आत नाहीच. एसटीत बसावं लागलं तर मागच्या चाकावरची सीट सोडा, पुढं-मधे बसा, उशी छातीशी धरा, आणि लांबच्या प्रवासात तासा-दीड तासानं उतरून चार पावलं टाका.

बसून काम असेल तर दीड-दोन महिन्यांनी कामावर जाता येतं, आधी अर्धा दिवस. शेतात नुसतं बांधावरून फिरायला चौथ्या आठवड्यातही जा, जमीन सपाट असेल तर. पावसात काळ्या रानात पाय रुतायला लागले की जाऊ नका. नांगर, कोयता, ऊसतोड, पोती यांना तीन महिन्यांनंतर आणि तपासणीनंतरच. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं त्या हंगामाची उचल घेण्याआधी हे बोलून घ्यावं. उचल घेतल्यावर शरीराचं कुणी ऐकत नाही.

नवस आहे. तुळजापूरला कधी जाऊ? उपवास?

तुळजापूरला जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, दम परतीच्या चढाला लागतो, हे देवीसमोर उभं राहिल्यावर आठवून उपयोग नाही. माहूरला चढ आधी आहे. दोन-तीन महिन्यांनी, दोन जिने सहज चढता येऊ लागल्यावर, गर्दीचा दिवस टाळून जा. नवरात्रात पायी ज्योत आणायची असेल तर यंदा गाडीतून.

उपवास पहिले तीन महिने नको. गोळ्या उपाशीपोटी बाधतात, शुगर एकदम उतरू शकते, आणि आपला उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलता येतात का, हे महिनाभर आधी विचारून घ्यावं.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

छातीत आवळल्यासारखं दुखणं, घाम आणि धाप; चक्कर येऊन पडणं; तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं; नाडी अचानक वेडीवाकडी, फार वेगानं धावणं; रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार. १०८ ला फोन करा. जवळच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन बघू, सकाळपर्यंत वाट पाहू, हे नको.

त्याच दिवशी सर्जनला फोन: १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाणी, वाढती लाली, छातीत टक् आवाज, वर सांगितलेली वजनवाढ, एका पोटरीत अचानक दुखणं आणि सूज.

गोळ्या किती दिवस? खर्च झेपेना.

ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना कायम. बरं वाटलं म्हणून सोडणारे दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच कॉटवर दिसतात. चिठ्ठीवरचं औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात दाखवा, फरक बराच पडतो. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांपैकी काय बसतं ते त्याच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. मूळ कार्ड पावसाळ्यात भिजलेलं मी पाहिलंय.

यांना घरात एकटं कधी सोडता येईल?

पहिले दोन आठवडे कुणीतरी हवंच. त्यानंतर तासभर, मग अर्धा दिवस. फोन खिशात, दाराला आतून कडी नाही. अंघोळीलाही मोरीची कडी लावायची नाही, नुसतं दार लोटा.

अण्णा सातव्या आठवड्यात कुणाला न सांगता बाहेर पडले. आईनं सगळीकडे फोन लावले. ते विहिरीच्या काठी दगडावर बसलेले सापडले, बूट बाजूला, वही मांडीवर. त्या दिवशीच्या पानावर ‘२२ मि. विहीर’ एवढंच आहे, आणि खाली आईच्या अक्षरात ‘फोन नेला नाही’.